वाळूशिवाय सँडब्लास्टिंग: घरच्या वर्कशॉपसाठी कॅबिनेट कसे बांधावे, कसे वापरावे

साताऱ्यात आजही एखाद्या बोळात ‘प्रिया’ स्कूटर उभी दिसते. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिच्या इथल्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडत असे. अशी गाडी पुन्हा उभी करायला घेतली, किंवा विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन रंगवायला काढले, की पहिली लढाई असते गंजाशी. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने सपाट भाग निघतो. फिन्सच्या खाचा, रिमचा आतला काठ, वेल्डिंगच्या कडा इथे गंज तसाच राहतो आणि वरून मारलेला रंग पुढच्या पावसाळ्यात फुगतो. हवेच्या जोरावर बारीक, टणक कण मारून पृष्ठभाग खरवडायचा, हा त्यावरचा खरा उपाय; यालाच सँडब्लास्टिंग म्हणतात. अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. तत्त्व आजही तेच आहे.

छोट्या जॉबसाठी, म्हणजे साफ करायच्या सुट्या भागांसाठी, लागणारे कॅबिनेट (बाहेरून हात घालून आत ब्लास्टिंग करायची बंद पेटी) घरी बांधता येते. वेल्डिंग येत असेल तर दोन रविवारांचे काम आहे. बहुतेक नवशिके सगळे लक्ष गनवर (कण मारणाऱ्या पिस्तुलावर) आणि पेटीच्या दिसण्यावर देतात. माझ्या मते कॅबिनेटचा कस दोन ठिकाणी लागतो: गनपर्यंत येणारी हवा कोरडी आहे का, आणि पेटीतली धूळ पेटीतच राहते का. या दोन गोष्टी जमल्या की बाकीचे सुधारत नेता येते.

आधी एक सक्त सूचना: वाळू वापरायची नाही

नाव सँडब्लास्टिंग असले तरी पेटीत वाळू घालू नका. नदीची नको, बांधकामाची नको, आणि फाउंड्रीत साच्यांसाठी येते ती पांढरी सिलिका सँड तर मुळीच नको. कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव हा फाउंड्रीचा पट्टा जवळ असल्याने ती सहज आणि स्वस्त मिळते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. वाळूतली गारगोटी म्हणजे स्फटिकी सिलिका. ती पत्र्यावर आदळली की फुटते आणि डोळ्यांना न दिसणारी पूड होते. ती पूड फुप्फुसात खोलवर जाते, तिथेच राहते आणि फुप्फुस हळूहळू निबर होत जाते. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि धुळीपासून दूर गेल्यावरही वाढत राहू शकतो. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने त्याला सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातले. ब्रिटनने तर कास्टिंगच्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला १९४९ च्या नियमांनीच बंदी घातली. ‘कधीतरीच करतो, तोंडाला रुमाल बांधतो’ हे उत्तर नाही. रुमालातून ही धूळ आरपार जाते.

वाळूऐवजी काय? नवशिक्याने एकाच गोष्टीने सुरुवात करावी: ब्राऊन अॅल्युमिनियम ऑक्साइड, ६० ते ८० मेश (कणांच्या जाडीचे माप). लोखंड, बीड (ओतीव लोखंड), जाड पत्रा या सगळ्यांवर चालते, लवकर फुटत नाही आणि चाळून पुन्हा पुन्हा वापरता येते. अॅल्युमिनियमच्या सुट्या भागांना मऊ, चमकदार फिनिश हवे असेल तर नंतर ग्लास बीड्स घ्या. गार्नेटही चांगले. स्टील ग्रिट मात्र घरच्या सायफन गनला (हवेच्या ओढीनेच कण खेचणाऱ्या गनला) जड जाते, आणि ओल लागली की तेच गंजते. पहिल्या भरणीला १० ते १२ किलो माल, म्हणजे हे कण, पुरतो.

कॉम्प्रेसरचा हिशेब

दुकानदार प्रेशर सांगतो, तुम्ही हवा विचारा. १०० पीएसआय (दाबाचे एकक) प्रेशर छोटा कॉम्प्रेसरही देतो. प्रश्न आहे तो मिनिटाला किती घनफूट हवा सतत देतो याचा. यालाच सीएफएम म्हणतात. पिस्टन कॉम्प्रेसरसाठी ढोबळ हिशेब असा की एका एचपीला साडेतीन ते चार सीएफएम खरी हवा मिळते. लेबलवर बऱ्याचदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा आकडा असतो आणि तो याहून मोठा दिसतो. त्यावर जाऊ नका.

सायफन गनच्या आत हवेचा एक बारीक जेट असतो आणि पुढे सिरॅमिक नोझल. नोझलचे भोक जेटच्या साधारण दुप्पट असावे लागते. २.५ मिमी जेट आणि ५ मिमी नोझल असेल तर ८० पीएसआयला सुमारे ११ सीएफएम हवा जाते. ३ मिमी जेटला सुमारे १६. म्हणजे घरच्या सिंगल फेजवर चालणारा २ एचपीचा कॉम्प्रेसर लहान जेटलाही पुरा पडत नाही. त्यावर काम होते, पण मिनिटभर मारा आणि टाकी भरेपर्यंत थांबा असे. ३ एचपीवर लहान जेट बऱ्यापैकी चालतो. ५ एचपी असेल तर ३ मिमी जेट सलग चालवता येतो, मात्र त्याला थ्री फेज लागते. नवा कॉम्प्रेसर घेण्याआधी जवळच्या पंक्चरवाल्याकडे किंवा पेंटिंगच्या शेडमध्ये असलेल्या यंत्रावर एकदा गन जोडून पाहायला मिळाली तर जरूर पाहा. आकड्यांपेक्षा जास्त कळेल.

दोन गोष्टींत काटकसर करायची नाही. हवेच्या लाइनला प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप वापरू नका. दाबाखाली तो चिरत नाही, फुटतो, आणि तुकडे सुऱ्यासारखे उडतात. जीआय पाइप किंवा हवेचा रबरी होज घ्या. आणि जुन्या गॅस सिलिंडरचे किंवा अग्निशामकाचे प्रेशर पॉट बनवायच्या फंदात पडू नका. सायफन गनला दाबाखालचे भांडे लागतच नाही. नवशिक्यासाठी तिचा हाच सर्वांत मोठा फायदा आहे.

पाणी

इथे थोडे थांबून समजून घ्या, कारण जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात बंद पडणाऱ्या कॅबिनेटचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

पावसाळ्यात २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम वाफ असते. १५ सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाला साधारण २५ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे त्याच्या पोटात तासाला अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपात जाते. दाबलेली हवा थंड झाली की त्यातली बहुतेक वाफ पाणी होऊन बाहेर पडते. मात्र कॉम्प्रेसरमधून निघताना हवा गरम असते आणि गरम हवेत वाफ टिकून राहते. म्हणून टाकीच्या तोंडाशीच वॉटर सेपरेटर बसवला तर त्यातून वाफ सरळ निघून जाते, पुढे होजमध्ये थंड होते आणि गनमध्ये पाणी थुंकते. माल भिजतो, गोळे होतात, नोझल तुंबते.

उपाय महागडा नाही. टाकी ते सेपरेटर यांच्यात निदान १५ ते २० फूट धातूचा पाइप ठेवा. भिंतीवरून वर-खाली फिरवा, आणि उतार असा द्या की साचलेले पाणी टाकीकडे किंवा खालच्या ड्रेन कॉककडे येईल. जागा नसेल तर तांब्याच्या नळीचे वेटोळे करून पाण्याच्या बादलीत बुडवा. सेपरेटर त्यानंतर, कॅबिनेटजवळ. गनकडे जाणारी लाइन मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढा, खालच्या नाही. पाणी पाइपच्या तळाने वाहते. टाकीचा ड्रेन रोज काम संपल्यावर उघडायचा. पावसाळ्यात मधल्या सुट्टीतही.

पेटी

मोटारसायकलचे भाग, स्कूटरचा हँडल कव्हर, कार्ब्युरेटरची बॉडी, इतपत जॉबसाठी ३६ इंच रुंद, २४ इंच खोल आणि २४ इंच उंच पेटी पुरते. स्कूटरचा पूर्ण काऊल घालायचा असेल तर रुंदी ४८ करा. १८ गेजचा पत्रा घ्या आणि साताऱ्यात देगावच्या किंवा जुन्या एमआयडीसीतल्या शिअरिंग-बेंडिंगवाल्याकडून मापाने कापून, वाकवून आणा. घरी ग्राइंडरने कापलेल्या पत्र्याला फटी राहतात, आणि फट म्हणजे धूळ. सांगाडा ३५ मिमी अँगलचा. वेल्डिंग येत नसेल तर १८ मिमी प्लायची पेटी करून आतून जीआय पत्रा मारला तरी चालते. २०० लिटरच्या प्लास्टिक ड्रमची पेटी मात्र मला पटत नाही. स्थिर वीज साचते, आणि काच बसवायला सपाट जागा नसते.

पेटीच्या खाली हॉपर (माल गोळा करणारे नरसाळे) येतो, चारही बाजूंनी उतरता. उतार ४५ अंशांपेक्षा कमी ठेवू नका. ६० असेल तर उत्तम. कमी उतारावर माल कोपऱ्यात बसून राहतो आणि तुम्हाला आत हात घालून तो ढकलत बसावे लागते. तळाला ४ इंचांचे तोंड आणि त्याला घट्ट झाकण, म्हणजे माल बदलणे सोपे जाते. हॉपरच्या वर जॉब ठेवायला जाड एक्स्पांडेड जाळी टाका, उचलता येईल अशी.

हातांची भोके ७ इंच व्यासाची, मध्यापासून मध्यापर्यंत १५ इंच अंतरावर. उंची ठरवताना टेप बाजूला ठेवा. स्वतः उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि ती पातळी भिंतीवर खुणेने घ्या. बहुतेकांना जमिनीपासून ४० ते ४२ इंच येते. चुकीच्या उंचीवर अर्धा तास काम केले की खांदे भरून येतात. भोकांना ६ इंची पाइपचे तुकडे कॉलरसारखे बसवा आणि त्यावर ब्लास्टिंगचे लांब रबरी हातमोजे होज क्लिपने आवळा. स्वयंपाकघरातले किंवा वेल्डिंगचे मोजे इथे टिकत नाहीत.

काच समोरच्या उतारावर, १२ बाय १८ इंच, ५ मिमी टफन्ड. साधी काच नको, आणि अॅक्रिलिक तर काही मिनिटांतच धुरकट होते. टफन्ड काचेच्या आतून पारदर्शक पॉलिस्टर शीट लावा आणि ती खराब झाली की बदला. काच वर्षानुवर्षे टिकते. दिव्याचेही तसेच. दिवा पेटीच्या आत ठेवू नका. छताला दुसरी छोटी काच बसवून वरून एलईडी फ्लडलाइट पाडा. प्रकाश जॉबच्या मागून न येता तुमच्या खांद्याच्या बाजूने आला तर जॉब नीट दिसतो.

दार बाजूला द्या, समोर नको. कडेला जाड फोमची किंवा गाडीच्या दाराची रबर बीडिंग आणि दोन टॉगल क्लॅम्प. सगळे जोड आतून सिलिकॉनने भरून घ्या.

गन आणि माल ओढणारी नळी

सायफन गनची ओढ फार नाजूक असते. नवशिके हॉपरच्या मालात नळी खुपसतात, मिनिटभर माल येतो आणि बंद होतो, कारण नळीच्या तोंडाशी हवाच पोचत नाही. योग्य रचना अशी: हॉपरच्या तळाशी अर्धा इंची पाइप आडवा, आरपार घाला. मध्यभागी, वरच्या अंगाला ८ ते १० मिमी भोक पाडा. तिथून माल पाइपमध्ये पडतो. पाइपचे एक टोक पेटीबाहेर मोकळे ठेवा आणि त्याला छोटा कॉक लावा. दुसऱ्या टोकाला गनकडे जाणारा होज. कॉक उघडा-मिटा करून मालात किती हवा मिसळायची ते ठरते. योग्य जुळले की नोझलमधून सलग, बारीक धार येते. धक्के देत आली तर कॉक किंचित उघडा.

मालाचा होज १२ ते १३ मिमी आतील व्यासाचा आणि ६ फुटांच्या आत. पारदर्शक ब्रेडेड होज घेतला तर माल वाहतोय का ते डोळ्यांना दिसते. हवेसाठी गनच्या ट्रिगरऐवजी पायाने दाबायचा व्हॉल्व्ह वापरा. बोटे दमत नाहीत, आणि पाय उचलला की हवा बंद, हे सुरक्षेसाठी फार मोलाचे आहे.

कोरड्या मालाच्या घर्षणाने स्थिर वीज साचते आणि अचानक हाताला चटका बसतो. गनच्या धातूपासून पेटीला आणि पेटीपासून अर्थिंगला तांब्याची तार जोडा.

धूळ

पेटी नुसती बंद करून भागत नाही. गन आत सतत हवा ओतते; ती हवा जिथून वाट मिळेल तिथून धूळ घेऊन बाहेर पडणार. म्हणून गन ओतते त्याहून जास्त हवा आपण बाहेर ओढायची, म्हणजे फटींतून हवा आत येते, बाहेर जात नाही. ३६ इंची पेटीच्या वरच्या भागाचे आकारमान १२ घनफूट. १०० सीएफएमच्या आसपास ओढणारा व्हॅक्यूम लावला तर हवा मिनिटाला आठेक वेळा बदलते आणि काच स्वच्छ राहते. ओढणीचे तोंड मागच्या भिंतीवर उंचावर, आणि त्यासमोर पत्र्याची आडवी पट्टी, नाहीतर चांगला मालही ओढला जाईल. समोरच्या बाजूला खाली हवा आत यायची जाळीदार खिडकी. व्हॅक्यूमच्या आधी बादलीवर बसणारा सायक्लोन (हवा गरगर फिरवून कचरा वेगळा करणारे नरसाळे) लावला तर नव्वद टक्के कचरा बादलीत पडतो आणि फिल्टर जगतो. व्हॅक्यूममधून निघणारी हवा हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरमधून किंवा शेडच्या बाहेर, माणसे बसत नाहीत अशा अंगाला सोडा.

तपासणी सोपी आहे. व्हॅक्यूम आणि गन दोन्ही चालू करा आणि दुसऱ्या कोणाला पेटलेली उदबत्ती दाराच्या कडेने, काचेच्या चौकटीने, हातमोज्यांच्या कॉलरभोवती फिरवायला सांगा. धूर सगळीकडे आत ओढला गेला पाहिजे. जिथे बाहेर ढकलला जातो तिथे गळती आहे.

इतके करूनही मास्क हवाच. दार उघडताना, माल चाळताना, फिल्टर झटकताना सर्वाधिक धूळ उडते. निदान चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५. नेहमी काम करणार असाल तर पी-१०० फिल्टरचा हाफ मास्क. दाढी असेल तर कोणताही मास्क नीट बसत नाही, हे लक्षात असू द्या. कानांना इअरमफ, डोळ्यांना गॉगल. आणि हवेचा झोत अंगावर, कपडे झटकायलासुद्धा, कधीच नाही.

प्रत्यक्ष काम

तेलकट जॉब पेटीत घालायचा नाही. एक ग्रीसचा लपका सगळा माल नासवतो. रॉकेल किंवा डिग्रीझर, मग साबणाचे गरम पाणी, मग उन्हात पूर्ण वाळवण. आट्यांमध्ये जुने बोल्ट घट्ट बसवा, बेअरिंगच्या जागा रबरी बुचांनी किंवा जाड टेपच्या दोन-तीन थरांनी झाका. इंजिनाचा क्रँककेस, ऑइलच्या वाहिन्या आणि सिलिंडरचा आतला भाग ब्लास्ट करू नका. एखादा कण अडकून राहिला तर बेअरिंग खातो. क्रोम आणि गॅल्व्हनाइझच्या भागांनाही या पेटीत जागा नाही.

बीड आणि जाड लोखंडाला ८० पीएसआय, नोझल १० ते १५ सेंमी अंतरावर, ६० अंशांच्या तिरकस कोनात. सरळ ९० अंशांत मारलेला माल परत तुमच्याच काचेवर येतो. मडगार्ड, साइड पॅनल अशा पातळ पत्र्याला ४० ते ५० पीएसआय, अंतर दुप्पट, कोन आणखी तिरका, आणि हात एका जागी क्षणभरही थांबवायचा नाही. पत्रा वाकतो तो उष्णतेपेक्षा जास्त माऱ्यामुळे: कण पृष्ठभागाला ठोकून ताणतात आणि पत्रा फुगतो. तो परत सरळ होत नाही. आधी भंगारातल्या तुकड्यावर हात बसवा. जाड रबरी रंग किंवा पुट्टी ब्लास्टिंगने निघत नाही, कण उसळून येतात. ती आधी स्क्रॅपरने काढा.

ब्लास्ट झालेला धातू राखाडी, एकसारखा मॅट दिसतो आणि प्रायमरला उत्तम धरतो. पण तो उघडा असतो. त्याला उघड्या हाताने शिवू नका. बोटांच्या घामाचे ठसे रंगाखाली गंजतात. कोरड्या हवेने झटका, थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. पावसाळ्यात तासाभरात तांबूस छटा येऊ शकते, म्हणून जितका भाग लगेच प्रायमर करता येईल तितकाच काढा.

देखभाल

काम संपले की माल मच्छरदाणीच्या जाळीतून चाळा, म्हणजे रंगाची खपली आणि गंजाचे तुकडे निघतात. चुंबक फिरवा. माल झाकणबंद ड्रममध्ये ठेवा. पावसात ओलसर झालाच तर पत्र्यावर पसरून उन्हात किंवा दिव्याखाली वाळवा. धूळ वाढली आणि कण बोटांना पिठासारखे लागू लागले की माल टाकून नवा भरा.

नोझल दर काही तासांनी ड्रिल बिटच्या मागच्या टोकाने मापा. ६ मिमीचे ७ च्या पुढे गेले की ओढ मंदावते आणि धार पसरते. सिरॅमिक नोझल स्वस्त असते, दोन-तीन जास्तीची ठेवा. कायम काम असेल तर टंगस्टन कार्बाइड घ्या.

उरलेल्या धुळीची विल्हेवाट हा शेवटचा भाग. जुन्या यंत्रांवरचा केशरी-लाल प्रायमर शिशाचा असू शकतो. असा रंग असलेला जॉब घरच्या पेटीत न घेता रासायनिक पेंट रिमूव्हरने ओल्या अवस्थेतच काढलेला बरा. बाकीची धूळ झाडूने लोटू नका, व्हॅक्यूमने ओढा किंवा ओल्या फडक्याने पुसा. जाड पिशवीत बांधा, आणि बागेत, शेतात किंवा ओढ्याकडेला टाकू नका. कामाचे कपडे शेडमध्येच बदला, घरच्या कपड्यांत मिसळून धुवायला देऊ नका.